द्राक्षबंदीचा वॉर्ड

नाशकात द्राक्षांना बंदी असलेली जागा माझ्या माहितीत एकच होती. ती म्हणजे आमच्या रुग्णालयाचा पहिल्या मजल्यावरचा पुरुषांचा वॉर्ड. रुग्णालयाचं नाव मी सांगणार नाही, शोधायलाही जाऊ नका. वॉर्डाच्या दारावर दोन पाट्या होत्या. एक होती 'थुंकू नये' आणि दुसरी 'वॉर्डात द्राक्षे आणू नयेत'. पहिली पाटी लोक नेमाने मोडत, अगदी तिच्यावरच थुंकून मोडत. दुसरी मात्र कोणी मोडत नसे. थुंकणाऱ्याला पकडायला कोणी नव्हतं. द्राक्षं आणणाऱ्याला पकडायला सहादू मामा होता.

आता फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशकात आजाऱ्याला भेटायला जायचं आणि द्राक्षं न्यायची नाहीत, म्हणजे लग्नाला जायचं आणि जेवायचं नाही. पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडची माणसं यायची ती पिशवीत घोस घेऊनच. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांना सहादूचा आवाज ऐकू यायचा, "पाव्हणं, पिशवी खालीच ठेवा. काळी नाही, हिरवी आहेत. अर्धा किलो." पिशवीचं तोंड बांधलेलं असे आणि सहादू वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरा, कुणाच्या तरी पायाची पट्टी सोडत बसलेला असे.

सहादू नामदेव पगारे. राहायला नाशिक रोडला, प्रेसमधल्या कामगारांच्या वस्तीला लागून असलेल्या बौद्ध कॉलनीत. एकसष्ट साली तो आमच्याकडे झाडूवाला म्हणून लागला, मग वॉर्डबॉय झाला, एकाहत्तर साली ड्रेसर झाला. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बदलणारा. मी बहात्तर साली केसपेपरच्या खिडकीत चिकटलो आणि आम्ही दोघं नाशिक रोडहून एकाच बसने येऊ-जाऊ लागलो. वॉर्डबॉयला मामा म्हणायची दवाखान्यातली रीत आहे. सहादू ड्रेसर झाल्यावरही मामाच राहिला. डॉक्टर सोडून सगळं जग त्याचं भाचं होतं.

नाक म्हणाल तर पाहण्यासारखं काही नव्हतं. बसकं, टोकाला गोल, कुणीतरी घाईत चिकटवून मग नीट बसलंय का म्हणून अंगठ्याने दाबून पाहिल्यासारखं. पण त्या नाकाचा दरारा असा होता की सर्जन डॉ. उपासनी सकाळच्या फेरीला आले की जखमेकडे बघायच्या आधी सहादूकडे बघत.

"काय म्हणतंय, सहादू?"

सहादू वाकायचा. डोळे मिटायचा. एक श्वास, लांब, सावकाश. मग निकाल. "आंबूस आहे, साहेब." "शिळं वाटतंय." "स्वच्छ." प्रयोगशाळेचा रिपोर्ट तीन दिवसांनी यायचा आणि बहुधा सहादूचंच म्हणणं इंग्रजीत टाइप करून आणायचा.

या सगळ्या निकालांत एक निकाल असा होता, की तो ऐकला की डॉ. उपासनींचा चेहरा उतरायचा. "द्राक्ष आहे, साहेब."

एक जंतू आहे. तो जखमेत शिरला की पू हिरवट होतो आणि त्याला वास येतो तो पिकल्या द्राक्षांचा. घाण नाही, गोड. तोंडाला पाणी सुटावं असा. साध्या पुवाला माणूस घाबरतो, नाक दाबतो, सावध होतो. हा मात्र पाहुण्यासारखा येतो. डॉक्टर म्हणायचे, हे पुस्तकातही लिहिलंय. असेल. पण पुस्तक कपाटात असतं.

पंच्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत दिंडोरीच्या एका दिलदार माणसाने ऑपरेशन झालेल्या साडूसाठी टोपलीभर, चार किलो द्राक्षं आणली आणि खाटेखाली सरकवून दिली. सकाळी सहादू वॉर्डात पाऊल टाकतो तो हबकलाच. त्या दिवशी त्याने बावीस जणांच्या पट्ट्या सोडल्या. बावीस. एकाचं तर फक्त मनगट मुरगळलं होतं, त्याचंही सोडलं. जेवायला गेला नाही, कुणाशी बोलला नाही. शेवटी दुपारी तीनला ती टोपली सापडली तेव्हा तो तिच्याशेजारी फरशीवर बसला आणि मिनिटभर नुसता हसला. मग उठून त्याने रंगवाल्याकडून पाटी करून आणली. परवानगी कुणाची घेतली नाही. कुणी विचारलंही नाही.

नाकाला तो जपायचा ते एखाद्या गवयाने गळ्याला जपावं तसं. तंबाखू नाही, तपकीर नाही, केसाला वासाचं तेल नाही. त्याचा जाच व्हायचा तो बायकोला, शकुबाईला. ती मला म्हणायची, "भाऊसाहेब, या माणसापायी मला बोंबील भाजायला चार घरं पलीकडं जावं लागतं. तरी घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारतो, बोंबील जरा कच्चे राहिले का गं?" तक्रार करताना तिचा चेहरा मात्र असा फुललेला असे, की नवरा कलेक्टर झाला असता तरी इतका फुलला नसता.

आणि ते बरोबरच होतं. ज्या घाणीचं काम म्हणून लोकांनी या माणसाच्या हातात झाडू दिला होता, त्याच घाणीत त्याने असं काही शिकून घेतलं की तिथे मोठमोठे लोक त्याच्या तोंडाकडे बघत थांबू लागले.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत सहादूला ताप आला. थंडी वाजून, डोकं धरून, आठ दिवस. नवव्या दिवशी तो कामावर आला. जरा उतरलेला दिसत होता एवढंच. पुढचं मला शकुबाईने नंतर सांगितलं. ताप उतरल्यावर एका संध्याकाळी चुलीवर भात करपला. धूर झाला, शेजारीण धावत आली, आणि सहादू चुलीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेला.  दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा घरातच बोंबील भाजले. सहादू जेवला. ताट ढकललं. काही बोलला नाही.

"सांगून टाका साहेबांना," शकुबाई म्हणाली.

"येईल परत. सर्दीनं बसलंय."

"नाही आलं तर?"

"नाही आलं तर पुन्हा झाडू हातात घेतो, झालं समाधान?" तो ओरडला. तेवीस वर्षांच्या संसारात तो तिच्यावर ओरडल्याची ही दुसरी का तिसरी वेळ.

तर इकडे असं झालं होतं. सकाळी डॉक्टर विचारत होते, "काय म्हणतंय?" सहादू वाकत होता, डोळे मिटत होता, लांब श्वास घेत होता. सगळं पूर्वीसारखंच. मग डोळे उघडून तो जखमेचा रंग बघायचा, पट्टीवरचा डाग बघायचा, रोग्याचा चेहरा बघायचा आणि अंदाज सांगायचा. तेरा वर्षं जखमा पाहिलेल्या माणसाचा अंदाज, तो बरोबर येत होता. रोज बरोबर येत होता. यात काय भयंकर आहे ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो रोज थोडा थोडा निर्धास्त होत चालला होता.

याच सुमारास मल्हारी आमच्याकडे आला.

मल्हारी पिंपळगाव बसवंतच्या कांदा मार्केटात हमाल होता. वय सव्वीस. पाठीवर एकावर एक अशा दोन गोण्या नेणारा म्हणून त्याची ख्याती. ती पैज त्याने चौदा वेळा जिंकली आणि पंधराव्या वेळी मणक्यामधली गादी सरकली. दोन्ही पाय लुळे पडले. जानेवारीच्या शेवटी डॉ. उपासनींनी पाठ उघडली, नसेवर दाबून बसलेला तुकडा काढला. चौथ्या दिवशी मल्हारीच्या पायाची बोटं हलली. त्याची आई गोजराबाई, पिंपळगावच्या द्राक्षांच्या शेडमध्ये घोसातले खराब मणी कातरीने काढायचं काम करायची. तिने त्या बोटांची दृष्ट काढली. भर वॉर्डात, मीठ-मोहऱ्या ओवाळून.

आठव्या दिवशी ताप भरला. टाके तटतटले आणि पाठीतून पू आला.

डॉक्टरांनी टाके काढून जखम पुन्हा उघडी केली. सडलेलं मांस कापून टाकलं, धुतलं आणि तशीच मोकळी ठेवली. पाठीच्या मधोमध वीतभर लांब, मूठ जाईल एवढी खोल. तळाशी हाड. हाडाच्या आत ती मज्जारज्जूची पिशवी. पू तिथे उतरला तर पाय तर जातातच, माणूसही जातो.

गोजराबाईला ते उघडं ठेवणं मुळीच पटलं नाही. "डॉक्टर शिवायचं इसरले का काय?" तिने मला खिडकीशी येऊन विचारलं. "फाटक्या गोणीला पण आम्ही टाका घालतो, बाबा."

डॉ. उपासनींनी तिला स्वतः समजावलं. "आई, उघडी जखम दिसायला वाईट, पण खरं बोलते. घाईने शिवलेली जखम गोड बोलते आणि आतून दगा देते. तळापासून भरत येऊ दे. पूर्ण स्वच्छ झाली की मग शिवू."

"अन् सोच्छ झाली हे कुणी ठरवायचं?"

डॉक्टरांनी बोटाने सहादू दाखवला.

तेव्हापासून गोजराबाई सहादूकडे देवळात बघावं तसं बघू लागली.

तीन आठवडे मल्हारी पालथा पडून होता. पालथ्या माणसाला जग फक्त घोट्यापासून खाली दिसतं. तो सगळ्यांना पायावरून ओळखायचा. "सिस्टर, आज चप्पल नवी वाटतं!" "डॉक्टरसाहेब, डाव्या बुटाची नाडी सुटली." सहादू रोज सकाळी जखमेतली पट्टी चिमट्याने ओढून काढायचा, आत सलाईन सोडून धुवायचा, पिवळ्या औषधात बुडवलेली नवी पट्टी थर थर करत तळापर्यंत भरायचा. मल्हारी उशीत दात रोवून म्हणायचा, "मामा, गादी भरता का पिंजाऱ्यावानी?"

"भरतोय. तू गप पड, नाहीतर गाठी राहतील."

जखम लाल होत आली. डाळिंबाच्या दाण्यांसारखं बारीक, लालभडक मांस धरू लागलं. ही चांगली खूण. पिवळ्या औषधामुळे पट्टी रोज पिवळीच निघायची, त्यात दुसरा कुठला रंग असला तरी दिसणार नव्हता. मल्हारीचं जेवण मात्र कमी झालं होतं. संध्याकाळी अंग किंचित कोमट लागायचं. सहादूने ते पाहिलं होतं. पडून पडून भूक मेली, असं त्याने स्वतःला सांगितलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातला बुधवार. सकाळच्या फेरीला डॉक्टर खाटेशी थांबले.

"उद्या शिवू म्हणतो. काय म्हणतंय, सहादू?"

सहादू वाकला. डोळे मिटले. लांब श्वास घेतला.

"स्वच्छ, साहेब."

"उद्या आठ वाजता," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

त्याच सकाळी आयाबाई भिमाबाई फरशी पुसता पुसता थांबली होती. "आज वॉर्डात कसला गोड वास येतोय गं बाई? कुणी सरबत सांडलं का?" सिस्टर म्हणाली, येतोय खरा. कुणी तरी उदबत्ती लावली असेल म्हणाली. सहादू तिथेच हात धूत होता. तो काहीच बोलला नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही असं दोघींनी धरलं. नाक घरात असताना दुसऱ्या कुणी वास कशाला घ्यायचा?

दुपारी चारला भेटीची वेळ झाली. गोजराबाई आली ती थेट सहादूच्या पाया पडायला वाकली.

"अहो बाई, हे काय!"

"पडू द्या, दादा. लय उपकार हाय तुमचे." ती पदराने डोळे पुसत होती. "परवापासून बघते मी. तुम्ही रोज या खाटेपाशी बसता, पण एका शब्दानं बोलला नाय. दुसरा असता तर मला जिन्यावरून ढकलून दिलं असतं."

"कशाबद्दल बोलता?"

गोजराबाईने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "द्राक्षं, दादा. याला काही जेवन गोड लागंना. मला म्हनला, आई, द्राक्षं असती तर खाल्ली असती. मग आनली मी. सोमवारी. खाटेखाली ट्रंकेमागं, फडक्यात बांधून. चांगली दोन किलो. यानं तर दोन मनी खाल्ले नि ठेवून दिली. पन तुम्ही वास आला तरी गरिबाकडं डोळेझाक केली."

मल्हारी पालथ्याचा पालथा हसला. "मामा, मी तर दोन दिवस तुमच्या पायांकडंच बघत होतो. म्हनलं, आता थांबतील, आता वाकतील. पाय आले अन् गेले!"

सहादूने ते बोचकं खाटेखालून ओढून काढलं. गाठ सोडली. सोमवारची द्राक्षं उकाड्याने फुटून आंबायला लागली होती, फडकं चिकट झालं होतं, वर चिलटं घोंघावत होती. त्याने त्यात तोंड घातलं. खरोखर घातलं, नाकाच्या शेंड्याला रस लागेपर्यंत.

गोजराबाई पुढे मला म्हणाली, "त्यांचं तोंड असं झालं भाऊ, जसं कुनी मेलेल्याला हाक मारून बघावी."

पाच मिनिटांनी ते बोचकं माझ्या खिडकीतून आत आलं. मागून सहादूचा चेहरा.

"भाऊसाहेब, याला वास कसला येतो?"

मला वाटलं थट्टा चालली आहे. "द्राक्षांचा. जरा ताडीकडे झुकलेला. का, विकायचीत?"

"मला येत नाही," सहादू म्हणाला. "जानेवारीपासून कसलाच येत नाही. हे बाहेर फेका आणि माझ्याबरोबर वर चला."

बारा वर्षं मी त्या माणसाशेजारी बसमध्ये बसत होतो. त्या दीड महिन्यात एकदा आमच्या पुढच्या बाकावर रॉकेलचा डबा सांडला होता आणि सगळी बस बोंबलत असताना हा खिडकीबाहेर बघत होता. मी तेव्हा म्हणालो होतो, "काय पण सहनशक्ती, मामा!" ते आठवलं आणि मी खिडकी बंद केली.

बोचकं मी मागच्या अंगणातल्या कचऱ्याच्या हौदात टाकून आलो. वर सहादूने मल्हारीच्या बाजूच्या तिन्ही खिडक्या उघडल्या होत्या. खाटेखालची फरशी त्याने स्वतः फिनेलने पुसली, मग साध्या पाण्याने तीनदा पुसली. ट्रंक बाहेर काढली. मल्हारीची चादर बदलली, हात-तोंड पुसलं. आणि आम्हाला म्हणाला, "अर्धा तास थांबायचं. बोलू नका."

आम्ही थांबलो. मी, गोजराबाई आणि तो. भेटीची वेळ संपली, माणसं पांगली. बाहेर टांगेवाले ओरडत होते. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत सरकत मल्हारीच्या हातावर आला. मल्हारी दोनदा म्हणाला, "काय झालं, मामा?" आणि मग त्याने विचारणं सोडलं. गोजराबाईला अजून काही कळलं नव्हतं, पण बाहेर उन्हं असताना तिने पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

अर्ध्या तासाने सहादू म्हणाला, "आता वास घ्या. दोघं."

मी वाकलो. फिनेलचा वास येत होता. औषधाचा येत होता. आणि त्या दोघांच्या खालून, मऊ, गोड, पाहुण्यासारखा...

"बाई?" सहादूने विचारलं.

गोजराबाई पंधरा वर्षं द्राक्षांच्या शेडमध्ये बसलेली. तिला शिकवायची गरज नव्हती. ती खाली बघून म्हणाली, "हाय."

"द्राक्षं नेली ना, भाऊसाहेब?"

"हौदात टाकली."

"सगळी?"

"सगळी."

"हाय अजून," गोजराबाई पुन्हा म्हणाली. मग तिची नजर पोराच्या पाठीवरच्या पट्टीवर गेली.

डॉ. उपासनी निघायच्या तयारीत होते. सहादूने दारातच सांगून टाकलं, प्रस्तावना न करता. "साहेब, मल्हारीला द्राक्ष आहे. सकाळी मी खोटं बोललो. मला वास येत नाही."

डॉक्टरांनी हातातली बॅग टेबलावर ठेवली. बराच वेळ ते त्या बॅगेच्या कडीशी चाळा करत राहिले.

"कधीपासून?"

"तापानंतर. दीड महिना."

"दीड महिन्यात किती जखमा बघितल्यास?"

"सोळा."

"सोळा," डॉक्टर म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. "उद्या सकाळी मी त्या पोराची पाठ शिवणार होतो, सहादू. तुझ्या एका शब्दावर."

"हो."

"गोणी शिवून टाकली असती. आत साप ठेवून."

 सहादूच्या नाकाच्या शेंड्यावर अजून द्राक्षाचा वाळलेला रस होता.

"उद्यापासून वॉर्डात येऊ नकोस," डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी आठ वाजता मल्हारीला आत नेलं ते शिवायला नाही, शोधायला. वरून सगळं लाल, सुंदर. डाव्या बाजूला हाडालगत एक बारीक भोक, त्यामागे लिंबाएवढी पोकळी आणि तिच्यात हिरवट पू. मज्जारज्जूच्या पिशवीपासून जेमतेम बोटभर अंतरावर. डॉक्टरांनी ती पोकळी उघडली, खरवडली, धुतली. जखम पहिल्यापेक्षा मोठी झाली. आता तिच्यात व्हिनेगरसारख्या आंबट औषधाच्या पट्ट्या दिवसातून तीनदा भरायच्या होत्या. हा जंतू आंबटाला भितो म्हणे.

त्या भरायला नवा ड्रेसर आला. शिकलेला, सर्टिफिकेटवाला. त्याने पहिली पट्टी कोंबली तेव्हा मल्हारीची किंकाळी माझ्या खिडकीत ऐकू आली. दुसऱ्या पट्टीला मल्हारी म्हणाला, "मामाला बोलवा, नाहीतर मला घरी न्या." तिसऱ्या पट्टीत डॉक्टरांना तळाला कोरडी जागा सापडली. तिथपर्यंत पट्टी पोचलीच नव्हती.

सहादू या चार दिवसांत काय करत होता? रोज माझ्याबरोबर बसने येत होता. वॉर्डात जायचं नाही, घरी बसवत नाही, म्हणून माझ्या खिडकीमागे स्टुलावर बसून राहायचा आणि मला सोळा नावं सांगायचा. तारीख, गाव, कुठल्या पायाला, कुठल्या कुशीला, सगळं तोंडपाठ. मी सोळापैकी पंधरा जणांना पोस्टकार्डं लिहिली की दवाखान्यात दाखवून जा. सोळावा मल्हारी होता. पुढच्या दोन आठवड्यांत चौदा जण आले, सगळे ठणठणीत. एकाने तर येताना द्राक्षं आणली. सिन्नरकडचा एक आला नाही. पोटाचं ऑपरेशन झालेला, चाळिशीचा. सहादू मग एका रविवारी एसटीने त्याच्या गावी गेला. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, पंधरा दिवसांपूर्वी ताप भरला, मग त्याला सासुरवाडीला घेऊन गेले, कुठली ते माहीत नाही. सहादूने पुढे तीनदा खेटे घातले. कुलूप तसंच होतं. त्या माणसाचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. सहादूलाही कधी कळलं नाही, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर कायमचं राहिलं.

सोमवारी डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. मी बरोबर होतो.

"हात आहेत का अजून, का तेही गेले?"

"आहेत, साहेब."

"मग हात घेऊन वॉर्डात जा. नाक दुसऱ्या कुणाचं तरी बघू. आणि पुन्हा कधी तू मला डोळे मिटून दाखवलेस ना, तर मी तुला वॉर्डाच्या जिन्यावरून खाली घालवीन."

दुसरं नाक शोधायला लांब जावं लागलं नाही. गोजराबाई रोज पहाटेच्या एसटीने येत होती. ती आधी तयार होईना. "मी आई हाय, दादा. मला वाईट वास यायचाच नाय. आला तरी मी म्हनन, नाय आला."

सहादू म्हणाला, "तेच सांगतो. मी पण माझ्यापायी खोटं बोललो. त्यानं काय होतं ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही नाही बोलायचं."

मग रोज तीन वेळा ती जोडी बसायची. याचे हात, हिचं नाक. पहिले सहा दिवस गोजराबाई वाकायची आणि काही न बोलता मान हलवायची. आहे. वॉर्डाला लोणच्याच्या बरणीचा वास येऊ लागला. मल्हारी म्हणायचा, "मामा, कैरी का हमाल, ठरवा एकदा." सातव्या दिवशी गोजराबाईने मान हलवली नाही. आठव्या दिवशीही नाही. डॉक्टरांनी तरी आणखी आठवडा जाऊ दिला, प्रयोगशाळेकडे दोनदा नमुना पाठवला, आणि मगच तारीख दिली.

मार्चच्या अखेरीस पाठ शिवली. नुसती कातडी ओढून नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांसाचे जाड पट्टे सैल करून मध्ये आणले, हाडावर पांघरूण घालावं तसे एकमेकांना जोडले, खाली पू साठायला पोकळीच ठेवली नाही. आत एक नळी सोडून तिचं टोक बाहेर ठेवलं, वरून जाड टाके.

आणि मग सगळ्यांत वाईट दिवस सुरू झाले. उघडी जखम निदान दिसत होती. आता पाठीवर एक सरळ, काळी, मुकी शिवण होती आणि तिच्या खाली काय चाललं आहे ते कुणालाच दिसत नव्हतं. सहादू रोज नळीतलं पाणी उजेडात धरून बघायचा. पाचव्या दिवशी नळी काढली. त्या रात्री मल्हारीला थोडा ताप आला, सकाळी उतरला. का आला, का उतरला, कुणी सांगू शकलं नाही. सहादू त्या दिवशी बसमध्ये मला म्हणाला, "भाऊसाहेब, मला स्वप्नात वास येतो. फक्त स्वप्नातच येतो. आणि तोच येतो."

चौदाव्या दिवशी टाके काढायचे होते. मीही खिडकी बंद करून वर गेलो. डॉक्टर भिंतीला टेकून उभे. सहादूने पट्टी सोडली, एकेक टाका कापला, चिमट्याने ओढून ट्रेमध्ये ठेवला. एकवीस टाके. शिवण उकलली नाही. मधोमध एका ठिकाणी ओलसर ठिपका होता, तांदळाएवढा.

सहादूचा चिमटा त्या ठिपक्यावर थांबला. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. 

"बाई, या," तो म्हणाला.

गोजराबाई वाकली. तिने डोळे मिटले. लांब श्वास घेतला, अगदी सहादू घ्यायचा तसा. मल्हारीचे हात खाटेच्या दांडीला आवळले होते. ती सरळ होईना.

"काय, बाई?"

ती आणखी खाली वाकली.

"खरं सांगा. काही असलं तरी सांगा. अजून वेळ आहे. आणखी एकदा घ्या वास."

तिने आणखी एकदा घेतला. मग डोळे उघडून ती सहादूकडे वळली आणि करवादली, "घाम हाय! नुसता घाम! अडीच महिने झाले माझ्या पोराला, तुम्ही याला आंघोळ कवा घालणार हाय?"